कोठडीत मार खाल्लेल्याने तक्रार केली, तर त्याला सांभाळायचं कुणी? त्याच पोलिसांनी?

माणगंगा (धागाकर्ता)

नोव्हेंबर 2017. सांगलीत लुटीच्या गुन्ह्यात दोन तरुण पकडले. त्यातला अनिकेत कोथळे कोठडीतल्या मारहाणीत मेला. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि दोघंही पळून गेले असं पोलिसांनीच सांगितलं. पुढे बिंग फुटलं, तपास सीआयडीकडे गेला, उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. मला तेव्हापासून त्या दुसऱ्या तरुणाचा विचार सोडत नाही. तो जिवंत होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच खात्याच्या हातात त्याचा जीव होता.

कोठडीत माणूस मेला तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी कायद्यानेच बंधनकारक आहे. जिवंत बाहेर आला तर? आमच्या शेतावर कामाला येणारा एक पारधी पोरगा चोरीच्या संशयावरून दोन रात्री आत होता. सोडला तेव्हा त्याला उकिडवं बसता येत नव्हतं. पायरीवर हात टेकून, एक पाय पुढे सोडून बसायचा. मीच म्हणालो, वरिष्ठांकडे अर्ज दे. अर्ज मीच लिहून दिला. महिन्याभरात त्याच्यावर चॅप्टर केस (चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेणारी प्रतिबंधक कारवाई) झाली, मग हद्दपारीची नोटीस आली. नोटिशीत लिहिलं होतं, 'याच्या भीतीने साक्षीदार पुढे येत नाहीत.' त्याने अर्ज मागे घेतला आणि बायकोपोरांना घेऊन निघून गेला. तो कागद मी लिहिला होता, हे मी विसरू शकत नाही.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 14 ऑक्टोबर 1997 ला सही केली. त्याच्या तेराव्या कलमात तक्रारदाराला आणि साक्षीदारांना सूडापासून संरक्षण देणं ही राज्याची जबाबदारी म्हटली आहे. तो करार आपण अजून मंजूर केलेला नाही. 2010 साली लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक संमत केलं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे दिलं, आणि तिथून ते कायद्यापर्यंत पोहोचलंच नाही. 2017 मध्ये विधी आयोगाने 273 व्या अहवालात नवा मसुदा दिला, तोही पडून आहे. माझं म्हणणं एवढंच: अशा तक्रारदाराचं संरक्षण पोलीस खात्याच्या बाहेरच्या यंत्रणेकडे द्या. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_फौजदार

एकतीस वर्षं खात्यात काढली, म्हणून लिहितो. सांगलीत जे झालं त्याचं समर्थन कुणीही शहाणा पोलीस करणार नाही. पण दुसरी बाजूही ऐका. सराईत गुन्हेगाराला कोर्टात उभं केलं की वकिलाने पढवलेलं पहिलं वाक्य, 'साहेब, मारलं.' माझ्यावर अशा तीन तक्रारी झाल्या, तिन्ही चौकशीत खोट्या ठरल्या. त्या काळात माझी बढती अडकली आणि मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मला त्याची उत्तरं द्यावी लागली. तक्रार केली की लगेच संरक्षण, असं झालं तर प्रत्येक टोळीवाला सरकारी बंदोबस्तात फिरेल. आणि आजच तक्रारीला जागा काय कमी आहेत? मानवी हक्क आयोग आहे, पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, हायकोर्ट आहे. दुसरं असं, की चोरी झाली की गावातलीच मंडळी ठाण्यात येऊन सांगतात, 'साहेब, जरा पट्टा दाखवा, बोलेल.' मग माल मिळाला नाही की निष्क्रिय कोण? आम्ही.

तालुका_वकील

फौजदारसाहेब, तुमच्या तिन्ही तक्रारी खोट्या ठरल्या हे मान्य. त्या चौकश्या कुणी केल्या? तुमच्याच उपविभागातल्या अधिकाऱ्याने ना? तुम्ही खोटं बोलताय असं मी अजिबात म्हणत नाही. पण अशा चौकशीने तुमचंही नाव खऱ्या अर्थाने साफ होत नाही, बघणारा म्हणतोच की आपापसात मिटवलं.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 ला महेंदर चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली, ती सगळ्या राज्यांना लागू आहे. अर्जावर निर्णय जिल्हा न्यायाधीशांची समिती घेते. त्या समितीत जिल्ह्याचे पोलीसप्रमुख सदस्य. आणि धोका किती आहे याचा अहवाल लिहितात त्या पोलीस उपविभागाचे एसीपी किंवा डीवायएसपी. गुंडाविरुद्धच्या साक्षीदाराला ही रचना ठीक आहे. ठाण्याविरुद्ध बोलणाऱ्याने काय करायचं? ज्याच्या माणसांची भीती, त्यानेच भीतीचं माप काढायचं.

यात आणखी एक मेख आहे. ही योजना सात वर्षांपर्यंत किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू होते, शिवाय विनयभंगासारखी काही ठरावीक कलमं. कबुलीसाठी मारहाण केल्याचं कलम लावलं तर प्रकरण त्यात बसतं, कारण तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. पण एफआयआर लिहिताना 'साधी दुखापत' टाकली की अर्जाचं दारच बंद. आणि एफआयआर लिहितो कोण?

पहिल्या रिमांडला मॅजिस्ट्रेट विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' आरोपीच्या दंडाला हवालदाराचा हात असतो. आरोपी आधी त्या हाताकडे बघतो, मग म्हणतो, 'नाही.' मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता अशिलाला सांगतो, काही बोलायचं नसेल तर निदान माझ्याकडे बघ.

स्पष्टवक्ता_नाशिक

दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. सामान्य माणसाला चोरदरोडेखोरांचा त्रास जास्त आहे. माझ्या दुकानात दोनदा घरफोडी झाली, दोन्ही वेळा आरोपी जामिनावर सुटले. त्यांच्या संरक्षणासाठी मी कर भरायचा? आधी माझ्या संरक्षणाचं बोला.

रात्रपाळी (डॉक्टर)

स्पष्टवक्ता, तुमचा राग समजतो. पण आत जातो तो प्रत्येक जण चोर नसतो, आणि असला तरी त्याला शिक्षा न्यायाधीश देतात.

मी एका सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला होतो. पहाटे तीनच्या सुमारास दोन पोलीस एकाला 'मेडिकल'साठी घेऊन आले. त्याच्या पायात चपला नव्हत्या, एकाने त्या पिशवीत धरल्या होत्या. मी म्हटलं घाल, तर पाय आत जाईनात. तळवे सुजून गुळगुळीत झाले होते, अंगावर बाकी वळ नाही. तळव्यावरचा मार असाच असतो, आठवडा गेला की वरून काही दिसत नाही, चालताना मात्र दुखत राहतं. मी दोन्ही तळव्यांची आकृती काढून सूज लिहिली. बरोबरचा पोलीस शांतपणे म्हणाला, 'डॉक्टरसाहेब, कोर्टात हेलपाटे घालायची हौस आहे का?' मी कागद बदलला नाही. तपासणी चालू असताना पोलिसाला पडद्याबाहेर उभं करायला हवं होतं, ते मात्र मला सुचलं नाही. त्या माणसाने 'जिन्यावरून पडलो' असंच सांगितलं, आणि मला तेही लिहावं लागलं.

निवृत्त_फौजदार

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते योग्यच केलंत. वकीलसाहेबांचा अहवालाचा मुद्दाही मला आजवर या बाजूने दिसला नव्हता. तरी विचारतो, पोलिसांच्या बाहेरची यंत्रणा म्हणजे नक्की कोण? बंदूक, गाडी, माणूसबळ आमच्याकडेच. तहसीलदार पहारा देणार का?

माणगंगा

तुम्ही तहसीलदार सहज म्हणालात, पण हे घडलेलं आहे. जून 2020 मध्ये तामिळनाडूत सातानकुलमला जयराज आणि बेनिक्स हे बापलेक पोलिसांच्या मारहाणीनंतर मेले. न्यायदंडाधिकारी चौकशीला ठाण्यात गेले तर पोलीस त्यांनाच दाद देईनात. तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ते पोलीस ठाणं चक्क महसूल खात्याच्या ताब्यात द्यायला लावलं, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून. त्या रात्रीबद्दल जबाब दिला तो त्याच ठाण्यातल्या रेवती या महिला हवालदाराने. जबाबावर सही करायलाही ती घाबरत होती. न्यायालयाने तिच्या संरक्षणाचे आदेश दिले. साहेब, मी मागतोय ते संरक्षण रेवतीसाठीही आहे. खरं बोलू पाहणारा हवालदार तुमच्याही ठाण्यात असेलच की.

आणि उशीर झाला की काय होतं तेही बघा. परभणीचा ख्वाजा युनूस, इंजिनियर, घाटकोपर स्फोटानंतर डिसेंबर 2002 मध्ये पकडला गेला. जानेवारी 2003 मध्ये पोलीस म्हणाले, पळाला. त्याला पट्ट्याने मारल्याचं आणि रक्ताची उलटी झाल्याचं सांगितलं ते कोठडीतल्या सहआरोपीने, जो पुढे स्वतः निर्दोष सुटला. चौकशीत चौदा पोलिसांवर ठपका आला, सरकारने खटल्याची परवानगी चौघांपुरती दिली. आणखी चौघांना आरोपी करा असा अर्ज करणाऱ्या विशेष सरकारी वकिलांना 2018 मध्ये काढण्यात आलं. 2020 मध्ये आरोपी पोलीस सेवेत परत घेतले गेले. एवढं सगळं बघून दुसरा कुठला साक्षीदार तोंड उघडेल?

तालुका_वकील

फौजदारसाहेबांच्या प्रश्नाला माझं उत्तर: पहारा पोलीसच देतील, पण दुसऱ्या जिल्ह्याचे. धोक्याचा अहवाल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांनी लिहावा, ते न्यायिक अधिकारीच असतात. आणि तक्रार प्रलंबित असेपर्यंत त्या माणसावर चॅप्टर किंवा हद्दपारी करायची असेल तर आधी जिल्हा न्यायाधीशांची परवानगी घ्यावी. याला फार पैसाही लागत नाही.

निवृत्त_फौजदार

पहिल्या दोन गोष्टींना माझी हरकत नाही. तिसरीला आहे. हद्दपारी थांबवायची म्हणून उद्या प्रत्येक जण आधी तक्रार ठोकेल. मुदत घाला, साठ दिवसांत तक्रारीचा निकाल लावा, मग बघू.

माणगंगा

साठ दिवस चालतील. त्या पोराला एकोणतिसाव्या दिवशी नोटीस आली होती.