शब्दचर्चा: आतड्याचे ‘अस्तर’ आणि पेशींमधली ‘दरज’

डिचोलीहून: आठवीच्या मुलांसाठी पोटाच्या विकारांवर मराठीत पत्रक लिहिते आहे. आतड्याच्या आतल्या थराला ‘अस्तर’ म्हणावे का? आणि ‘टाइट जंक्शन’ला, म्हणजे शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणाऱ्या सांध्याला, काय म्हणावे?

फोंड्याहून: ताई, ‘अस्तर’ रुळलेला शब्द आहे, घ्या. फक्त पहिल्याच वाक्यात सांगा की हे अस्तर जिवंत आहे: पेशींचा एकच थर, आणि त्यातल्या बहुतेक पेशी 3 ते 5 दिवसांत बदलतात.

‘टाइट जंक्शन’साठी माझ्या मनात ‘दरज’ आहे. चिऱ्यांच्या भिंतीतल्या दरजा नीट भरल्या नाहीत तर पावसात ओल आत येते, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. पेशींमधल्या दरजांवर ऑक्लुडिन आणि क्लॉडिन ही प्रथिने असतात. ‘क्लॉडिन’ हे नाव जपानी संशोधकांनी 1998 मध्ये ‘बंद करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ठेवले.

पेडण्याहून: पण दादा, दरज म्हणजे फटच ना? आपल्याला तर ती सांधणारा जोड सांगायचा आहे. शिवाय हा जोड सगळीकडून बंद नसतोच. क्लॉडिनचे वीसहून अधिक प्रकार आहेत. काही वाट अडवतात, क्लॉडिन-2 मात्र सोडियम आणि पाणी जाऊ देते. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज येणाऱ्या आजारांत हेच क्लॉडिन-2 वाढलेले दिसते. म्हणून ‘घट्ट जोड’ही मला पटत नाही. ‘पेशीजोड’ म्हणा.

फोंड्याहून: पेशीजोड इतर प्रकारचेही असतात, डेस्मोसोम त्यातलाच. पण आठवीला हा भेद नको, मान्य.

डिचोलीहून: मग ‘पेशीजोड’ घेते, भिंत उदाहरणात ठेवते. आणि म्यूकस, म्हणजे अस्तरावरचा चिकट स्राव? ‘श्लेष्मा’ म्हटले की मुलांना छातीतला कफच आठवतो.

फोंड्याहून: सरळ ‘बुळबुळीत थर’ लिहा. मोठ्या आतड्यात तो दुपदरी असतो आणि पेशींना लागून असलेल्या पदरात जंतू जवळजवळ नसतात. हा थर मुख्यतः म्यूसिन-2 या प्रथिनाचा. ज्या उंदरांत हे प्रथिन तयारच होत नाही, त्यांच्या मोठ्या आतड्याला आपोआप सूज येते. पत्रकात दुसरे काही गाळलेत तरी हे गाळू नका.

पेडण्याहून: घरी ‘आव पडते’ म्हणतात, ती याच बुळबुळीत पदार्थाची. तो शब्द लक्षणांच्या भागात हवाच, आजीला वाचून दाखवले तरी कळेल. आव आणि रक्त एकत्र पडत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे, हेही त्याच ओळीत लिहा.