अटकेनंतर मोफत वकील केव्हापासून मिळतो?

प्रश्न: वकील परवडत नसेल तर ‘सरकारी वकील’ कधी मिळतो, खटला सुरू झाल्यावर? चौकशीत तो शेजारी बसू शकतो का?

उत्तर १: आधी शब्द नीट करा. सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध बाजूचा असतो. तुम्हाला हवा तो विधी सेवा प्राधिकरणाचा (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचा) वकील, आणि तो पहिल्या रिमांडपासूनच (कोठडी ठरवणाऱ्या सुनावणीपासूनच) मिळतो. आरोपीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करतात, तेव्हाच ‘मला वकील हवा’ असं स्पष्ट सांगायचं. नातेवाइकांनी १५१०० वर फोन करावा किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्यावा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२), त्यामुळे दाखल्यासाठी तहसील कार्यालयात दिवस घालवू नका.

उत्तर २: चौकशीबद्दल: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ नाही. पोलीस नेमकं हे दुसरं वाक्यच ऐकवतात!

प्रश्नकर्ता: आणि रिमांडला वकील दिलाच नाही, तर खटला रद्द?

उत्तर २: आपोआप नाही. कसाब खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने फरक केला. खटला सुरू होताना वकील नसेल आणि आरोपीने स्वतःहून नाकारला नसेल, तर खटलाच दूषित होतो, म्हणजे रद्द ठरू शकतो. त्याआधीची चूक असेल तर आरोपीचं प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं. म्हणून वकील मागितल्याची नोंद रिमांडच्या आदेशात करून घ्या.

उत्तर १: तुरुंगात असल्यास वकीलपत्रावरची (वकील नेमल्याच्या कागदावरची) सही तुरुंग अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. तारखा बहुधा इथेच वाया जातात.