भिंती काढून नदीला वळणं दिली, तर पूर वाढेल का?

काठावरची
आमच्या घरामागून नदी वाहते. दोन उभ्या भिंती आणि तळाला काँक्रीट, एवढीच ती आता उरली आहे. त्यातल्या सहाशे मीटरच्या टप्प्यातल्या भिंती काढून तिला मूळ रूप द्यायचा प्रस्ताव आहे आणि हरकती-सूचना मागवल्यात. मला हे मनापासून हवंय. पण शेजारच्या काकू म्हणतात, "भिंती आहेत म्हणून पाणी घरात येत नाही." त्यांच्याकडे एकदा गुडघाभर पाणी शिरलेलं मी पाहिलंय, त्यामुळे त्यांना काय सांगावं कळत नाही. आराखड्यात मला फक्त झाडं आणि पायवाट दिसते. सूचनेत नेमकं काय विचारू?

गोटेमोजणी
काकूंचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्या, त्यांची भीती खरी आहे. मी बरीच वर्षं नद्यांच्या पात्रांची मोजणी करतोय. गोटे, वळणं, झुडपं आली की पाण्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की तेवढंच पाणी वाहून न्यायला जागा जास्त लागते. म्हणजे रुंदी न वाढवता नुसती वळणं दिली, तर पातळी खरंच चढेल. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: पात्र किती रुंद होणार आणि पुराचं पाणी पसरणार कुठे?

सिंगापूरच्या बिशान उद्यानात २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीट कालव्याची ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली. तिथे पुराच्या वेळी उद्यानाची हिरवळच पाण्याखाली जाते, आणि पाणी चढायला लागलं की लोकांना भोंगा वाजवून सावध करतात. जागा आधी दिली, वळणं त्या जागेत बसली.

दुसरं, लांबीचा छेद मागा, म्हणजे नदीच्या लांबीभर तळ कुठे किती खोल आहे ते दाखवणारं चित्र. तळ सगळीकडे सारख्या खोलीचा दाखवला असेल तर हरकत घ्याच. नदीला डोह हवा आणि त्याच्यापुढे उथळ खळाळ हवा. ढोबळ हिशोबाने पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर एकेक खळाळ येतो. उन्हाळ्यात मासे डोहात तग धरतात. खळाळात पाण्यात हवा मिसळते. तिथला एखादा गोटा उचलून उलटा करून बघा. खाली वाळूचे कण चिकटवून केलेली नखाएवढी नळी सापडते, आत एक अळी असते. गोट्यांच्या फटी गाळाने बुजल्या की ती अळी जाते, आणि तिच्यावर जगणारे मासेही.

आमच्या एका कामात एकाच मापाचे गोटे टाकले होते. पहिल्याच पुरात सगळे वाहून पुलाखाली जाऊन बसले. मला त्याचं अजून वाईट वाटतं. लहान, मोठे, ओबडधोबड असे मिसळूनच लागतात.

झऱ्याकाठी
सांडपाण्याचं विचारलंत का? ते आधी. जर्मनीतल्या एम्शर नदीत उघड्यावरून मैला वाहायचा. १९९२ पासून त्यांनी जमिनीखालून वेगळ्या वाहिन्या टाकायला घेतल्या. २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मोकळी झाली. घाण पाण्यात कितीही गोटे टाका, अळी येणार नाही.

काठावरची
सांडपाण्याचे तीन पाइप मीच मोजलेत, तेही लिहिते. अजून एक. आराखड्यात वळणं अगदी रेखीव आहेत, प्रत्येक वळणाला दगडी पिचिंग, म्हणजे काठावर घट्ट बसवलेले दगड. हे बरोबर आहे का?

गोटेमोजणी
पिचिंग केलं की नदी पुन्हा जखडली. म्यूनिकमध्ये इझार नदीच्या आठ किलोमीटरच्या टप्प्यावर २००० ते २०११ या काळात काम झालं. तिथे काठाचं काँक्रीट काढलं आणि बऱ्याच ठिकाणी दगडांचं संरक्षण काठापासून आत, मातीखाली पुरून ठेवलं. तेवढ्या पट्ट्यात नदी स्वतः काठ खाते, गोट्यांची बेटं रचते, पुढच्या पुरात मोडते. त्याच्यापलीकडे मात्र ती जात नाही. पुराचे बांधही पक्के केले, हे काकूंना आवर्जून सांगा. तुमच्याकडे भिंत आणि घरं यांच्यात मोकळी जागा किती आहे?

काठावरची
उजव्या काठाला अंदाजे तीस पावलं, डाव्या काठाला काहीच नाही.

गोटेमोजणी
मग डावी भिंत राहू द्या, उजवीकडूनच मोकळी करा. तीस पावलं खूप झाली. सूचनेत हेच लिहा, आणि पायवाट त्या पट्ट्याच्या बाहेर, घरांच्या बाजूला सरकवायला सांगा.

काठावरची
काकूंचं घर डावीकडे आहे. त्यांची भिंत राहणार म्हटल्यावर त्याही सही करतो म्हणाल्या.