मोटरहोमचा जनरेटर: बटण सोडलं की बंद पडतो

प्रश्न

आमच्या मोटरहोममध्ये बसवलेला पेट्रोलचा जनरेटर आहे, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. आठ महिने गाडी उभी होती. आता स्टार्टचं बटण दाबलं की इंजिन लगेच पकडतं, आवाजही एकसारखा येतो, पण बटणावरचं बोट काढलं की दोन सेकंदांत बंद. दहा वेळा केलं तरी तेच.

बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. ऑइल बरोबर खुणेपर्यंत आहे. पेट्रोल फिल्टर नवा घातला, टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली आहे (पाव टाकीच्या खाली जनरेटरला पेट्रोल मिळत नाही, ते माहीत आहे). माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे आणि तो वापरता येतो.

बाबांना रात्री झोपताना श्वासाचं यंत्र लावावं लागतं. ते इन्व्हर्टरवर एक रात्र निघतं, दुसरी नाही. त्यामुळे हे दुरुस्त झाल्याशिवाय निघायचं नाही, असं ठरवलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर १

कंट्रोल बोर्ड गेला. माझाही असाच बंद पडायचा, बोर्ड बदलल्यावर चालू झाला.

उत्तर २

ताई, बोर्ड इतक्यात मागवू नका. तो महाग असतो, आणि बऱ्याचदा बिचारा आपलं काम नीट करत असतो. मी मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. चांगले बोर्ड काढून फेकलेले खूप पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बटण दाबलेलं असताना इग्निशन आणि पेट्रोल पंपाला थेट वीज मिळते. बटण सोडलं की बोर्ड विचारतो, वीज तयार होतेय का? बऱ्याच मॉडेलमध्ये ही खूण जनरेटरच्याच वाइंडिंगमधून येते. ती आली नाही तर बोर्ड इंजिन बंद करतो. ऑइल प्रेशरचा स्विच खराब असला तरी लक्षण हेच. म्हणून आधी या दोघांतलं कोण ते ठरवायचं.

मोटरहोममधले सगळे ब्रेकर पाडा. जनरेटरमधून बाहेर येणाऱ्या तारांवर, ट्रान्सफर स्विचच्या (बाहेरची वीज की जनरेटरची, हे बदलणाऱ्या स्विचच्या) अलीकडे, मीटर एसी व्होल्टवर लावा. कुणाला तरी तीन-चार सेकंद बटण दाबून धरायला सांगा. त्याहून जास्त नको, काही मॉडेलमध्ये स्टार्टर गुंतलेलाच राहतो. २३०च्या आसपास आले तर ऑइल स्विच आणि बोर्ड बघू. दोन-पाच व्होल्ट आले तर रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, उरलेलं चुंबकत्व आहे, पण फील्डला (त्याला चुंबक बनवणाऱ्या वाइंडिंगला) करंट पोहोचत नाहीये. अगदी शून्य आले तर ते चुंबकत्वही गेलं असेल, किंवा मुख्य वाइंडिंग तुटली असेल.

उत्तर ३

बॅटरीची अर्थिंगही बघा. निगेटिव्ह वायर चॅसिसला जिथे कसलेली असते तिथे गंज धरतो. स्टार्टर फिरताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड घासून पुन्हा कसा.

मूळ प्रश्नकर्ती

अर्थिंगवर ०.१ व्होल्ट, म्हणजे ठीक. तारांवर मात्र ४.१ व्होल्ट, तीनदा मोजले. म्हणजे फील्डच ना? माझा जनरेटर ब्रशवाला आहे, पुस्तिकेत तसं चित्र आहे.

उत्तर २

हो, फील्डच. आता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवा. आत हात असताना कुणी बटण दाबता कामा नये.

मागचं झाकण काढा. दोन ब्रशांना (फिरत्या रिंगांवर टेकून रोटरला करंट देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांना) एव्हीआरकडून, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरकडून, येणाऱ्या तारा आधी काढा, नाहीतर मीटर एव्हीआरमधून भलतंच दाखवेल. कुठली तार कुठे, त्याचा फोटो काढून ठेवा. मग ओहमवर दोन मापं घ्या: एकदा दोन ब्रशांच्या टोकांवर, एकदा थेट शाफ्टवरच्या दोन स्लिप रिंगांवर, जिथे ब्रश टेकतात. दोन्ही सारखी असतील तर ब्रश बरे आहेत. रिंगांवर माप येतं पण ब्रशांवर येत नाही, तर ब्रश टेकतच नाहीत. शेवटी एक रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मोजा. तिथे काहीच यायला नको. आलं तर रोटर माझ्यासारख्याकडे न्यावा लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

सापडलं! रिंगांवर २४ ओहम, शाफ्टशी काही नाही, ब्रशांवर सर्किट उघडं. आतला ब्रश होल्डरमध्ये अडकून बसला होता, स्प्रिंग दाबूनही खाली येईना. रिंगांवर काळा थर होता. ब्रश हलकेच काढला, होल्डर पुसला. रिंगांवर काय वापरू? घरात लोखंड घासायचा एमरी पेपर आहे.

उत्तर २

एमरी नको, त्याचे कण रिंगेत रुततात. भांडी घासायची हिरवी जाळी हलक्या हाताने फिरवा, मग कोरड्या फडक्याने पुसा.

मूळ प्रश्नकर्ती

बटण सोडलं तरी चालू राहिला! रिकामा २२९ व्होल्ट, एअर कंडिशनर लावल्यावर २२१, फ्रीक्वेन्सी ५० ला स्थिर. दोन तास चालवला. त्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासला, खिडक्यांच्या बाजूला धूर येत नाही हेही पाहिलं. ब्रश बरेच झिजलेत, नवी जोडी मागवली. काल रात्री बाबा शांत झोपले. तुमचे उपकार फार मोठे आहेत.

उत्तर २

बाबांना नमस्कार सांगा. नवे ब्रश बसवल्यावर वीसेक तास चालला की झाकण उघडून बघा. रिंगांवर एकसारखा तपकिरी पट्टा दिसला पाहिजे. एकाच जागी काळा डाग दिसला तर फोटो टाका.

आणि दर महिन्याला निम्म्या लोडवर दोन तास चालवा, गाडी उभी असली तरी.