"एकदा वेळ येऊ दे, देव आठवेलच" : नास्तिकांवरचे आक्षेप

माळावरचा

परवा वडिलांना जाऊन वर्ष झालं. धाकट्या काकांनी त्यांच्या घरी वर्षश्राद्ध घातलं. मी पानं मांडली, वाढलं, शेवटच्या पंगतीला जेवलो. पिंडाला नमस्कार केला नाही. हात धुताना काका म्हणाले, "अंगात रग आहे तोवर ठीक आहे. एकदा वेळ येऊ दे, देव आठवेलच."

वेळ येऊन गेली होती. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी सतरा रात्री काढल्या आणि रोजचा डबा काकाच आणायचे. मी तेव्हा बोललो नाही, पण हे डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

देव आठवला का? खरं सांगतो, "वाचू दे" हे शब्द तोंडून कितीदा तरी निघाले. कुणाला उद्देशून नव्हते. ठेच लागल्यावर आपण "आई गं" म्हणतो, तेव्हा आई शेजारी उभी आहे असं आपलं म्हणणं नसतं. घाबरलेलं मन काय बोलतं, त्यावरून जगात काय आहे ते ठरत नाही. शेजारच्या बाकावर एक बाई अखंड जप करायच्या. मुलगा अकरा वर्षांचा. तिसऱ्या रात्री तो गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी जपमाळ पिशवीत ठेवली आणि पिशवीला गाठ मारली. संकटात माणूस देवाकडेच जातो, हे त्या रात्रीनंतर मला कुणी सांगू नये.

दुसरा आक्षेप अहंकाराचा. "स्वतःला मोठे शहाणे समजता." भगतसिंगांनाही मित्र हेच म्हणत होते. त्याचं उत्तर म्हणून त्यांनी ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात नास्तिकतेवरचा लेख लिहिला, निकाल तोंडावर आला असताना. श्रद्धाळू माणूस पुढच्या जन्माची किंवा स्वर्गाची आशा धरू शकतो, माझ्यासाठी मात्र गळ्यात दोर पडेल तोच शेवटचा क्षण, अशा अर्थाचं त्यात आहे. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्यात मला अहंकार दिसत नाही.

तिसरा नीतीचा. "देव नाही म्हटल्यावर तुम्हाला धरबंध कसला? ऋण काढून सण करा." चार्वाकाच्या नावावरची ती ओळ, ऋणं कृत्वा घृतं पिबेत्, आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. पण चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ उरलेले नाहीत. ओळ येते ती चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात, आणि तो लिहिणारे माधवाचार्य वेदान्ती, म्हणजे चार्वाकांच्या विरुद्ध मताचे. त्याच ग्रंथात त्या श्लोकाचं दुसरं रूपही आहे. तिथे सुखाने जगा म्हटल्यावर पुढे "नास्ति मृत्योरगोचरः" येतं. मृत्यूच्या नजरेतून कुणी सुटत नाही, एवढंच. त्यात कर्जही नाही, तूपही नाही.

वडिलांनी देहदानाचा फॉर्म भरला होता. मेडिकल कॉलेजची गाडी आली तेव्हा भाऊबंदांत कुजबुज झाली, "गती कशी मिळणार?" तरी आम्ही दिलं. माझी नीती मी तिथून घेतो.

तुळशीवृंदावन

माळावरचा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या बाईंचं तर वाचवलं नाही. तरीही बोलते, कारण तुम्ही मनापासून लिहिलंय.

"आई गं" म्हणताना आई शेजारी नसते, कबूल. पण आई कधी नसतीच तर तो शब्द ओठावर आला असता का? पाणी नसलेल्या जगात तहान लागली नसती. माझ्या मिस्टरांच्या आजारपणात मी नामस्मरण केलं ते ते बरे व्हावेत म्हणून नाही. ते बरे झालेही नाहीत. रात्री तीन वाजता माझ्या हाताचा कंप थांबावा, एवढ्यासाठी केलं, आणि तो थांबायचा. तुम्ही देवाला नवस फेडणारा दुकानदार समजून नाकारता. आम्ही त्याला तसं मानतच नाही.

आणि देहदानाचं म्हणाल तर, तुमचे वडील नास्तिक होते का?

माळावरचा

नाही. माळकरी होते. एकादशी चुकवली नाही. प्रश्न बरोबर आहे, आणि मी ते वर लिहायला हवं होतं. फॉर्म भरताना ते म्हणाले होते, "आत्मा गेल्यावर हे काय कामाचं, पोरांना शिकायला तरी होईल." म्हणजे त्यांच्या कृतीमागे आत्मा होता, माझ्या होकारामागे नव्हता. गाडीत देह मात्र दोघांनी मिळून ठेवला म्हणा. म्हणूनच वाटतं की चांगुलपणा श्रद्धेच्याही आधी येतो. माळ घालणाऱ्या दोघांपैकी एक देह देतो, दुसरा गतीची कुजबुज करतो. माळ तर दोघांच्याही गळ्यात होती.

हाताच्या कंपाचं जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझा हात थांबत नव्हता.

नदीकाठ

दोघंही हळवं लिहिताय, पण मूळ मुद्दा बाजूलाच पडलाय. एकेका घरात चांगले नास्तिक असतीलही. नास्तिकांच्या हातात राज्य गेलं तेव्हा काय झालं? स्टालिनने १९३१ मध्ये मॉस्कोतलं ख्रिस्त तारणहाराचं भव्य चर्च सुरुंग लावून पाडलं. पाद्री गोळ्या घालून मारले. अल्बानियाने १९६७ मध्ये धर्मच बेकायदा ठरवला आणि जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणून मिरवलं. धर्मयुद्धांची यादी तुम्ही तोंडपाठ म्हणता, ही म्हणत नाही. देवाचं भय गेलं की माणसाला माणसाचंही भय राहत नाही.

गणितवाली

मी नास्तिक आहे आणि नदीकाठ यांच्या तारखा बरोबर आहेत. आमच्यातले बरेच जण इथे "तो साम्यवाद होता, नास्तिकता नव्हे" म्हणून हात झटकतात. मला ते पटत नाही. ते लोक देवाविरुद्ध मोहीम म्हणूनच ते करत होते. धर्माच्या नावाने झालेलं धर्माच्या खात्यावर मांडायचं आणि आपलं मात्र खोडायचं, हा हिशेब खोटा आहे. अल्बानियात घरात सण पाळणारेही तुरुंगात गेले. ते आमच्या खात्यावर आहे.

पण पुढचंही पाहा. त्याच स्टालिनने १९४३ मध्ये, युद्ध अंगावर आलेलं असताना, चर्चच्या वरिष्ठांना क्रेमलिनमध्ये बोलावून घेतलं आणि त्यांना पुन्हा धर्मप्रमुख निवडू दिला. म्हणजे त्याला देव असण्या-नसण्याचं सोयरसुतक नव्हतं. दुसरा कुणी मालक नको होता, आणि चालणार असेल तर नोकर म्हणून हवा होता. "माझ्या शब्दापलीकडे प्रश्न नाही" असं म्हणणारा कुणीही, गादीवरचा बुवा असो की पक्षाचा सचिव, मला सारखाच धोक्याचा वाटतो. भय देवाचं नको, प्रश्न विचारायची मुभा हवी. अल्बानियात नेमकी तीच नव्हती.

नदीकाठ

मुभेचं ठीक आहे. मग तुमचे लोक ती दुसऱ्याला का देत नाहीत? आमच्या सोसायटीत एक गृहस्थ गणपतीच्या आरतीला मुद्दाम येऊन मागे उभे राहतात आणि प्रसाद देताना लहान मुलांसमोर "दगडाला नैवेद्य" म्हणतात. माझी मुलगी रडत घरी आली. हा विवेक?

गणितवाली

नाही. हा उद्धटपणा. त्यांना तोंडावर सांगायला हवं, आणि ते आमच्यातल्याच कुणीतरी सांगायला हवं. दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की अंनिसचा, म्हणजे त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा, विरोध शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, देवाधर्माला नाही. तरी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या त्या माणसाला पुलावर गोळ्या घातल्या. तुमच्या मुलीचं रडणं मी लहान म्हणत नाही. पण चिडून बोलणारा नास्तिक आणि शांतपणे बोलणारा नास्तिक, या दोघांना आपल्याकडे काय मिळालं तेही बघा. आगरकरांची तर लोकांनी ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली होती.

खडूफळा

सेवाग्रामची एक गोष्ट सांगतो, वर्ध्याकडचा असल्यामुळे मला ती जवळची आहे. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे उघड नास्तिक. अस्पृश्यतेविरुद्ध गावात राहून काम करायचे आणि त्यावरून गांधीजींशी त्यांचा वाद आणि स्नेह दोन्ही होते. गोरांनी थोरल्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरवलं. गांधीजींनी ते आश्रमात लावायचं कबूल केलं, आणि विधीत जिथे जिथे ईश्वर हा शब्द येतो तिथे सत्य म्हणायचं, हेही कबूल केलं. रामनामावर जगणारा माणूस! लग्नाआधीच गांधीजींचा खून झाला. पण मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला ते लग्न ठरल्याप्रमाणे लागलं.

नदीकाठ, तुम्ही विचारता नास्तिकाला धरबंध कसला. स्वतःच्या मुलीच्या लग्नात जात मोडणं हा मला पुरेसा धरबंध वाटतो. आणि गणितवाली, गांधीजींनी जसा शब्द बदलला तसा आपल्यापैकी किती नास्तिक समोरच्यासाठी एक शब्द बदलतात?

तुळशीवृंदावन

ही गोष्ट मला माहीत नव्हती. ईश्वराऐवजी सत्य म्हणायला मला अडचण नाही, सत्यनारायणात ते दोन्ही एकत्रच आहेत. अडचण तिथे आहे जिथे कुणीच ऐकणारं नाही असं तुम्ही म्हणता. त्या जपमाळेला गाठ मारणाऱ्या बाईंना तुम्ही काय सांगाल? मी निदान म्हणेन, तुमचं बाळ कुणाच्या तरी कुशीत आहे.

माळावरचा

मी काही सांगितलं नाही. पहाटे चहा आणून दिला. त्यांनी तो घेतला आणि माझ्या वडिलांचं नाव विचारलं. कुशीचं वाक्य मला बोलता आलं नसतं, कारण मला ते खरं वाटत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी अडवलंही नसतं.

तुळशीवृंदावन

एक विचारते, राग मानू नका. वडील गेल्यावर घरात आई आहेत ना? देवघराचं काय?

माळावरचा

आहे ना आई. तिचे हात थरथरतात, तेल सांडतं. संध्याकाळी निरांजन मी लावतो. वाती तीच वळते.

नदीकाठ

मग नमस्कार न करता नुसतं निरांजन लावता?

माळावरचा

हो. आई रोज विचारते, "हात जोडलेस का?" मी नाही म्हणतो. ती म्हणते, "बरं, काडेपेटी जाग्यावर ठेव." आणि मग ती स्वतः जोडते.