प्रतिसाद: धीराच्या शब्दांपुढे काय?
ख्रिस्ती श्रद्धेतून केलेल्या सेवेच्या गोष्टींत मदत म्हणजे अन्नवस्त्र आणि धीराचे दोन शब्द, पुढे काही नाही, असं एक मत वाचलं; हा त्याला प्रतिसाद. बऱ्याच गोष्टींबाबत पटतं, पण पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला निराधार स्त्रिया-मुलींसाठी उभं केलेलं मुक्ती मिशन त्यात बसत नाही. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही आधीच्या एका दुष्काळातच गेले होते. म्हणूनही असेल, त्या भाकरी देऊन थांबल्या नाहीत. मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या.

अंध मुलींना शिकवायचं, हा तर तेव्हा फार थोड्यांच्याच मनात येणारा विचार. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी, शिकून घेतली आणि या मुलींना वाचायला शिकवलं. मला ख्रिस्ताची प्रीती इथे सर्वांत जास्त दिसते. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबलही मिशनमधल्याच बायकामुलींच्या हातून छापलं गेलं.