मदत हवी आहे: मेजी काळातली (१८६८-१९१२) जपानी रेव्हेन्यू तिकिटं कागदावरून सोडवावीत का?

नमस्कार मंडळी, मी तोक्योत निशी-कासाईला राहतो. इथल्या जुन्या बाजारात कागदांचा एक गठ्ठा अगदी रद्दीच्या भावात मिळाला. बहुतेक पावत्या आणि कर्जरोखे आहेत, ब्रशने लिहिलेले, कोपऱ्यात १ सेनचं (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) तिकीट आणि त्यावर तांबडा शिक्का, अर्धा तिकिटावर अर्धा कागदावर. शिवाय एक चिकेन, म्हणजे सरकारी जमीनदाखला, आपल्या सातबाऱ्याचा लांबचा भाऊच म्हणा ना. त्यावर जमिनीची किंमत, शेकडा ३ प्रमाणे सारा आणि शेजारी मेजी १० (म्हणजे १८७७) पासून अडीच टक्के, दोन्ही छापलंय. (१८७३ ला सारा रोख घ्यायला लागले, शेतकऱ्यांनी दंगे केले तेव्हा १८७७ ला कमी केला.)

एक संग्राहक मित्र म्हणतो तिकिटं कोमट पाण्यात सोडव आणि अल्बमात लाव, मला धीर होत नाहीये. तारखा कशा लावायच्या? आणि दोन-तीन कागदांना कसर लागलीय, डांबरगोळ्या टाकू का?

प्रतिसाद:
पाण्यात अजिबात घालू नका हो! सुटं १ सेनचं तिकीट कुठेही मिळतं, मजा त्या शिक्क्यात आहे, तो कागदापासून तोडला की कोणी कोणाला किती पैसे दिले हे सगळं गेलं. जपानी वर्षं सम्राटाच्या कारकिर्दीनुसार मोजतात, मेजीनंतर ताइशो आणि मग शोवा. तारखेसाठी मेजीच्या आकड्यात १८६७ मिळवा, ताइशोला १९११, शोवाला १९२५, म्हणजे मेजी १५ झालं १८८२. फक्त मेजी ५ पर्यंत जुनं चांद्र पंचांग होतं त्यामुळे तिथले महिने इंग्रजी महिन्यांशी जुळवत बसू नका. रकमेतले आकडे अवघड दिसतील, ते मुद्दाम तसे लिहीत, कारण साध्या एकाच्या आडव्या रेघेवर अजून एक रेघ मारली की झाले दोन.

डांबरगोळ्या नकोत, वास कागदात मुरतो. कसर लागलेले कागद पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरला ठेवा, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका नाहीतर आत दव धरेल. मग अ‍ॅसिड-फ्री फोल्डरात, आडवे. पीव्हीसीचे स्वस्त प्लास्टिक कव्हर टाळा.

धागाकर्ता:
खूप आभार! चिकेन फ्रेम करून हॉलमध्ये लावला तर चालेल का?

प्रतिसाद:
लावा की, पण कलर झेरॉक्स. मूळ कागद कपाटातच बरा, उजेडाने शिक्के फिके पडतात. आणि त्या कर्जरोख्यांचे फोटो टाका ना इथे, व्याज काय दराने घेत होते ते बघायचंय.